गाढवालाही कळतं

दवाखान्याच्या अंगणात डॉक्टरनं माझ्या सासऱ्यांच्या पायाची पट्टी सोडली तो दिवस बाजाराचा होता. त्यामुळं शेळ्या विकायला आलेले, कांदे घ्यायला आलेले, उगाच आलेले, सगळे तिथंच होते. बायका ओट्यावर, बापे भिंतीच्या सावलीला. मी सासऱ्यांच्या मागं त्यांच्या कुबड्या धरून उभी होते.

पाय होता तो घोट्यापर्यंतच. खालचं पाऊल शहरातल्या इस्पितळात कापलं होतं. पट्टी सुटली तशी माशी आली. सासऱ्यांनी ती हाकलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

"बघा, नीट बघून घ्या," नौफल डॉक्टर म्हणाला. तरणा माणूस, किनाऱ्याकडच्या शहरातला, केस पाण्यानं चापून बसवलेले. "या म्हाताऱ्याला मी स्वतः सांगितलं होतं. साखर बंद, गोड बंद. ए खमीस, काय केलंस तू? सांग यांना."

"साखर सोडली, साहेब."

"सोडली म्हणे! आणि रोज मूठ-मूठ खजूर कोण खात होतं? तुझा बाप?"

"खजूर…" एवढं म्हणून सासरे थांबले. खजूर तर अन्न हाय, असं त्यांना म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेला मी बघितला.

डॉक्टर लोकांकडं वळला. "गाढवाला सांगितलं तर गाढवालाही कळतं. पण या लोकांच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ."

आणि लोक हसले. हेच मला पुढं गिळवेना. डॉक्टर परका, त्याचं सोडा. पण पहिली हसली ती आमच्या शेजारची तुर्किया, आणि तिच्या मागं सगळं अंगण. ज्यांच्या झाडांवर माझे सासरे चाळीस वर्षं चढले, ती माणसं त्यांच्या तुटक्या पायाकडं बघून हसली.

या माणसानं साखर कशी सोडली होती ते मी बघितलंय. आमच्याकडं चहा म्हणजे पाकच. बिनसाखरेचा चहा वैऱ्यालाही कुणी देत नाही. डॉक्टरनं सांगितलं त्या दिवसापासून सासऱ्यांनी तो कडूजहर चहा प्यायला सुरुवात केली. डोळे मिटून एका दमात प्यायचे, आणि कडवटपणा जावा म्हणून वर दोन खजूर जास्त खायचे. लग्नातला हलवा समोर आला तर ताट सरकवायचे. गाव म्हणायचं, खमीसचं मन दगडाचं आहे. गोळ्यासुद्धा नमाजासारख्या वेळेवर. आमच्याकडं गोड म्हणजे दुकानातून डब्यात येतं ते. खजूर आईच्या दुधाआधी पोराच्या तोंडात जातो. भाकरीला गोड म्हणेल तो खजुराला म्हणेल. आणि सकाळी झाडाला लावलेल्या मडक्यातली ताजी नीरा? ती तर सासरे औषध म्हणून प्यायचे.

थंडीत झावळ्या तोडताना तळपायात काटा गेला. खजुरीचा काटा वीतभर असतो, पण साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, त्यांना कळलाच नाही. कळला तेव्हा पाऊल काळं पडलं होतं.

बाजाराच्या त्या दिवशी मी पट्टी परत बांधली, त्यांना गाढवाच्या गाडीवर बसवलं आणि घरी आणलं. 

*

वसंत लागला होता. खजुरीला फुलं आली की आमच्याकडं कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. नराच्या झाडाची फुलं काढायची, मादीच्या प्रत्येक झाडावर चढायचं, फुलोऱ्यात नराची काडी खोचायची आणि दोरीनं बांधायची. एका झाडाची वेळ चुकली की त्या वर्षी त्या झाडाला नुसता बिनबियांचा चोथा येतो. जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

माझा नवरा बिल्गासम ट्रक चालवणारा. बापाचा पाय गेला म्हणून ट्रक सोडून तो झाडावर चढायला लागला. झाडं काही त्याला ओळखत नव्हती. दंड सोललेले, मांड्यांना ओरखडे, कमरेच्या दोरानं कातडं लाल झालेलं. मी खालून नराच्या काड्या टोपलीत घालून दोरीनं वर पाठवायची. सासरे चटईवर बसायचे आणि खालून सांगायचे. हा फुलोरा उघडलाय, आजच बांध. तो कच्चा हाय, त्याला दोन दिस दे. खालून बघून त्यांना वरचं कळायचं. तेवढ्यावरच आमचं चाललं होतं.

बाजारानंतरच्या सकाळी बिल्गासम वर चढला आणि ओरडला, "बाबा, ह्यो फुटलाय, पर आतून हिरवा वाटतोय. बांधू का?"

सासरे चटईवरची वाळू झटकत राहिले.

"बाबा! बांधू का ऱ्हाऊ दिऊ?"

"मला इचारू नगं," सासरे म्हणाले. "मला काय कळतंय?"

वाळूचं वारं सुटलं होतं. बिल्गासम झाडाला घट्ट धरून वरून खाली बघत राहिला. त्याला वाटलं, बाप रागावलाय. मला माहीत होतं, राग नाही हा. त्या माणसाला ते खरं वाटायला लागलं होतं. आपल्याच झाडाखाली बसून तो म्हणत होता, मला काय कळतंय.

त्या दिवशी बिल्गासमनं अंदाजानं बांधलं. चार फुलोरे फुकट गेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नमाजासाठी त्यांचा उरलेला पाय धुताना मला त्याची टाच दिसली. एकाच पायावर भार टाकून, तो फरफटवून टाचेला फोड आला होता, आणि फोडाची कड काळपट होती. मी बघतेय हे कळताच त्यांनी पाय झग्याखाली ओढला.

"बाबा, दवाखान्यात जाऊ."

"तिथं न्हाई."

"बाबा, पयल्या पायाचं असंच व्हतं."

"न्हाई म्हनलं ना! त्या अंगनात मी परत पाय ठेवायचा न्हाई."

ठेवायला आता एकच उरलाय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. आणि तिथंच पाण्याचं भांडं हातात घेऊन मी ठरवलं: हा शब्द त्या डॉक्टरच्या घशात परत घालायचा. घरात नाही, कानात नाही. ज्या अंगणात बोलला त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर. तसं झाल्याशिवाय हा म्हातारा तिथं जाणार नाही, आणि गेला नाही तर हाही पाय जाणार.

*

मी दवाखान्याची वाट धरणार, तोच डॉक्टर स्वतः आमच्या दारात आला. त्याची पांढरी गाडी बघून सासरे कुबड्या घेऊन मागच्या दारानं बागेत निघून गेले.

मी त्याला चटई दिली, चहा दिला. एक घोट घेऊन त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"साखर?"

"या घरात साखर बंद हाय, साहेब. तुमीच सांगितलंय."

त्यानं पेला खाली ठेवला. "हे बघ, मबरूका. येत्या सोमवारी मोठ्या ऑफिसातून एक बाई येणार आहेत. मी लोकांना काय शिकवलं ते बघायला. खमीसला घेऊन ये. बायकांनाही सांग. मी विचारीन, त्यांनी उत्तरं द्यायची. सोपं आहे. चांगलं झालं तर माझी शहरात बदली होईल."

"बाबा येत न्हाईत म्हनत्यात."

"का?"

"त्या दिशी तुमी जे बोललात ते मागं घ्या, मंग येतील. दुसऱ्या टाचंलाबी फोड हाय त्यांच्या."

डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. "मी काय बोललो?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. आमच्या घरात जेवण बेचव झालं होतं, झाडं वाया चालली होती, आणि ज्यानं ते केलं त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.  आठवण करून दिली असती तर तो कदाचित म्हणाला असता, अगं, गंमत केली मी. मला गंमत नको होती.

"काई न्हाई साहेब," मी म्हटलं. "म्हाताऱ्या मानसाचं मन. मी आनते त्यांना. समद्या येतो आमी."

"छान. आणि फोडाचं तेव्हाच बघू."

तेव्हाच बघू! जाताना तो गाडीच्या खिडकीतून हसला. मीही हसले.

*

भट्टीवर बायका भाकरी लावत होत्या. मी तुर्कियाच्या शेजारी बसले आणि पिठाचा गोळा तिच्या हातून काढून घेतला.

"काय गं? भाकर हाय ती माजी."

"त्या दिशी पयली तू हसलीस."

तुर्किया गोरीमोरी झाली. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. नवऱ्याला, इमामाला, सगळ्यांना पुरून उरणारी बाई. पण आता ती जाळाकडं बघायला लागली.

"त्यानं तसं म्हनलं… हसू आलं. काय करू? सायबाम्होरं मानूस हसतंयच."

"माज्या सासऱ्यांनी तुज्या झाडांवर चढताना कवा काई मागितलं? तुजा नवरा आजारी व्हता तवा?"

"बास कर गं."

"म्हातारा आता झाडाखाली बसून म्हनतो, मला काय कळतंय. ह्ये तुज्या हसन्यानं झालं."

 एकीची भाकरी करपली तरी तिनं काढली नाही. मग तुर्कियानं हात झटकले.

"काय करायचं, सांग."

मी डॉक्टरचा सोमवार सांगितला. तुर्किया ऐकत गेली, ऐकत गेली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू उजेड आला.

"म्हंजी त्यो इचारनार, आन् आमी सांगायचं?"

"आपल्याला काय कळतंय, तुर्कियाबाई?" मी म्हटलं. "आपल्या डोक्यात तर काई शिरत न्हाई."

"न्हाईच शिरत!" तुर्किया म्हणाली आणि बायका पोट धरून हसल्या. या वेळी ते हसू मला गोड लागलं.

सासऱ्यांना मी एवढंच सांगितलं की शब्द परत करायला जायचंय. त्यांनी कुबड्या जवळ ओढल्या. मग म्हणाले, "मला नुसतं बसायचं हाय ना?"

"नुसतं बसायचं."

*

सोमवारी अंगणात पाणी मारलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या. ऑफिसातली बाई पन्नाशीची, चष्म्यातली, घामानं भिजलेली. तिनं खुर्ची बाजूला केली आणि आमच्यातच ओट्यावर बसली. हे मात्र मी धरलं नव्हतं.

डॉक्टरनं टाळी वाजवली. "तुर्किया, तू सांग. साखरेच्या आजारात काय-काय टाळायचं? मी शिकवलं होतं ना?"

"शिकवलं असंल साहेब. तुमचं बोलनं लई उंचावरनं येतं. आमची डोकी बुटकी."

डॉक्टर हसला, पण केसांवरून हात फिरवला. "बरं, पायाची निगा कशी राखायची? कोण सांगेल?"

पलीकडून एक बाई अगदी आदरानं म्हणाली, "कंच्या पायाची साहेब? मानसाच्या का गाढवाच्या?"

बाप्यांच्या बाजूला कुणाला तरी खोकला लागला. डॉक्टरनं आणखी दोघींना विचारलं. एक म्हणाली, अल्लालाच ठाऊक. दुसरी म्हणाली, आमच्या घरात कळनारं कुनीच न्हाई साहेब, पिढ्यान्‌पिढ्या असंच. सगळ्याजणी इतक्या नम्र, इतक्या माना खाली घालून, की कुणाला बोल लावता येईना. डॉक्टरच्या सदऱ्याला काखेत घाम फुटला. मी एकेक थेंब मोजल्यासारखी बघत होते.

मग ती बाई सासऱ्यांकडं वळली. "काका, तुमचा पाय गेला त्याच्या आधी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

 तिनं इतकं सरळ विचारलं की म्हातारा सगळं सांगून टाकेल असं वाटलं. इतके दिवस त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याचे ओठ हलले. मग त्यानं कुबडी जमिनीवर टेकवली.

"ते सायबांना इचारा, बाई. मला काई कळत न्हाई."

"असं का म्हणता?"

"मी कुठं म्हनतो? सायबांनीच सांगितलं, हितंच, समद्या गावाम्होरं. शिकल्याला मानूस हाय, खोटं कशापायी बोलंल?"

"काय सांगितलं?"

 तुर्किया उठली. तळहात ओला करून तिनं डोक्यावरचं फडकं चापून बसवलं, हनुवटी वर केली आणि डॉक्टरच्याच आवाजात म्हणाली, "गाढवाला सांगितलं तर गाढवालाही कळतं. पण या लोकांच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ."

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरच्या तोंडाचा रंग गेला. आता त्याला आठवलं होतं.

ऑफिसातल्या बाईनं चष्मा काढून पुसला. "डॉक्टर, आपण आत बोलू," एवढंच ती म्हणाली. आत गेल्यावर दार लागलं. आतलं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. सासरे कुबड्या उचलून घराकडं निघाले, आणि फोड दाखवायचा राहूनच गेला.

*

आठवडाभरात कळलं, डॉक्टरची बदली अडली. तो इथंच राहणार.

बिल्गासम झाडावरून उतरून हसत सुटला. "घ्या! काटा काढाया गेलात, काटा पायातच ऱ्हायला! आता त्योच ह्यो दवाखाना चालवनार."

गावात काहींनी कपाळाला हात लावला. तुर्कियानंही लावला. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. शहरात गेला असता तर मला सापडला नसता. आणि माझं तर अजून राहिलं होतं. त्याचा शब्द तुर्कियानं बोलून दाखवला होता. त्यानं तो मागं घेतला नव्हता.

पण सासऱ्यांना ताप भरला. टाचेचा काळा डाग नाण्याएवढा झाला, त्याला वास येऊ लागला. बिल्गासम गाडी जुंपून उभा, आणि म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"त्याच्या दारात न्हाई. हितंच मरू द्या."

बिल्गासम रडकुंडीला आला. मी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि सासऱ्यांच्या उशाशी बसले.

"मरा मंग," मी म्हटलं. "आन् त्यो डॉक्टर बाजाराच्या दिशी अंगनात हुबा ऱ्हाऊन म्हनंल, बघा, म्या म्हनलं नव्हतं? अडानी व्हता, अडानीच मेला. तुमी मेल्यावर त्याला खोटं कोन पाडनार?"

 वारं दाराला धक्के देत होतं. मग त्यांनी भिंतीला धरलं आणि उठून बसायला लागले.

"कुबड्या दे," ते म्हणाले.

*

दवाखान्यात बाजाराचीच गर्दी होती. आम्हाला बघून लोकांनी वाट दिली. तुर्कियाही औषधाला आली होती. डॉक्टरनं आम्हाला आत घेतलं आणि माझ्याकडं न बघता दार लावलं. त्याचे केस त्या दिवशी चापलेले नव्हते.

त्यानं सासऱ्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला. जखम उघडली, धुतली, मेलेलं कातडं कापलं, बराच वेळ वाकून काम केलं.  त्याचे हात चांगले होते, हे मला मान्य करावं लागलं.

"वेळेत आलात," तो म्हणाला. "आणखी उशीर झाला असता तर… टाच वाचेल बहुतेक. आता गोड पूर्ण बंद—"

"गोड म्हंजी?" मी विचारलं.

तो थांबला. पाय अजून त्याच्या हातात होता. त्यानं सासऱ्यांकडं बघितलं, आणि पहिल्यांदा तो त्यांना तुम्ही म्हणाला.

"खमीसकाका, तुम्ही सकाळी उठल्यापासून काय-काय खाता? मला सगळं सांगा."

म्हातारा सांगायला लागला. पहाटे मूठभर खजूर, कामाला बळ यावं म्हणून. मग मडक्यातली नीरा, औषध म्हणून. मग चहा, कडू. कडूच, साहेब, अल्लाची आन, एक दाणा साखरेचा न्हाई. आणि कडवटपणा जावा म्हणून वर दोन खजूर. दुपारी भाकरीबरोबर खजूर. साखर मातर न्हाई साहेब. पयल्या दिसापास्नं सोडली.

डॉक्टर ऐकत होता. हळूहळू त्याचं डोकं खाली गेलं.

"तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत," तो म्हणाला. अगदी हळू. "खजुरातही तीच साखर असते, नीरेतही, हे मी सांगायला हवं होतं. त्याआधी हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, काका. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं."

सासऱ्यांचे डोळे भरले. त्यांनी डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा भला माणूस. त्याचं तेवढ्यात भागलं.

माझं भागलं नाही. मी उठले आणि दार सताड उघडलं. अंगणात सगळे होते. ओट्यावर बायका, भिंतीच्या सावलीला बापे.

"साहेब," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं. भायेर ऐकू आलं न्हाई."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी दारातून हलले नाही. अंगणातलं बोलणं थांबलं. सासऱ्यांचा पाय मांडीवर तसाच धरून, बसल्या जागेवरून त्यानं ते पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. चूक माझी होती. खमीसकाकांनी सांगितलं तसंच केलं होतं.

ओट्यावरून तुर्किया म्हणाली, "वाऱ्यात गेलं, साहेब."

त्यानं पुन्हा सांगितलं. आवाज मध्येच फाटला, तरी पूर्ण केलं. कुणी हसलं नाही.

"बास झालं, पोरी," सासरे म्हणाले. "लाव ते दार."

मला पहिल्याच खेपेला सगळं कळलं होतं. मी दार लावलं नाही. मी म्हटलं, "आता पुन्यांदा सांगा, साहेब. आमच्या डोक्यात लवकर शिरत न्हाई. अगदी सुरुवातीपासनं."